एक हजार एकावी फेरी

“करा सही, बाई,” म्हणत संचालकांनी स्वतःचे पेन पुढे केले. प्रयोगशाळेतील धातुतज्ज्ञ बाईंनी टोपण काढले, पुन्हा लावले. दोन दिवस त्यांना कुठेच बसवत नव्हते.

टेबलावर अहवाल होता आणि एका कोरड्या, हवाबंद पेटीत टर्बाइनच्या पात्याचा पांढरा लेप दिलेला तुकडा. तो हजार वेळा अकराशे अंशांच्या भट्टीत गेला होता, हजार वेळा थंड झाला होता. अंगावर ओरखडा नव्हता. या लेपाच्या जोरावर टर्बाइन अधिक तापणार होते, इंधन वाचणार होते. सोमवारी तशी पाती वीजकेंद्रात चढायची होती. लेप सुटला तर धातू मऊ पडतो, पाते तुटते. आणि त्या यंत्राशेजारी उभे राहणे ही बाईंच्या धाकट्या भावाची नोकरी होती.

“परवा एक तुकडा चुकून बाहेर राहिला, सर. सकाळी लेप सोलून पडला होता.”

“म्हणून तर नियम आहे! भट्टीतून काढला की फोटो, फोटो झाला की पेटी.”

“टर्बाइन थांबल्यावर त्याला कोण पेटीत ठेवणार? दमट हवा—”

“हवा!” संचालक हसले. शंकांचे निरसन ते बहुधा याच पद्धतीने करीत. “अहो, भट्टी पचवलेला गडी फुंकरीनं मरतो होय?”

त्यांनी पेटी उघडली, चष्म्याची काच पुसण्यापूर्वी सोडतात तसा तोंडभर श्वास तुकड्यावर सोडला आणि तुकडा अहवालावर ठेवला. काही झाले नाही.

“बघा. उगाच राईचा पर्वत.”

बाईंनी पेन टेकवले.

टिक्.

नख तुटावे तसा आवाज. मग आणखी एक. पांढरी खपली उसळली आणि सहीच्या रिकाम्या जागेवर पडली. पाठोपाठ उरलेला लेपही सुटला.

संचालकांनी खपली करंगळीने बाजूला सारली. आवाज खाली आला होता, आग्रह नव्हे. “फोटोत हे दिसत नाही ना? मग झालं. करा सही.”

“करते.”

बाई सहीला लागतो त्याहून बराच वेळ लिहीत होत्या. संचालकांनी अहवाल ओढून घेतला. हजार नोंदींच्या तक्त्याखाली, सहीच्या वर, एक ओळ वाढली होती:

“फेरी १००१. तापमान: मानवी श्वासाचे. चाचणी घेणारे: संचालक, स्वतः. निकाल: लेप उरला नाही.”