तिसरी कॉफी

लोकांचं ऐकल्याशिवाय कुठलीही योजना उभी राहत नाही, असं गावविकास संस्थेच्या मिर्सादाबाई आमच्या रुकियामावशीच्या अंगणात छातीवर हात ठेवून म्हणाल्या. दुसरा हात तेव्हा साखरेच्या वाटीत होता.

आम्हा बोस्नियातल्या लोकांत पाहुण्याला पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची, आणि तिसरी आली की त्याने उठायचं असतं. मावशीने दुसरीवरच विषय काढला.

"हे बघ पोरी, शहरात जाणारी बस बंद झालीय. माझा हृदयाचा डॉक्टर फक्त सोमवारी बसतो. तेवढी बस दे, बाकी आमचं आम्ही बघू."

"हिला हृदय आहे, हे आम्हालाही त्या डॉक्टरनेच सांगितलं," शेजारचे इब्रोकाका म्हणाले.

मिर्सादाबाईंनी मावशीचे दोन्ही हात धरले. "शब्द देते मावशी. बस येणार."

वसंतात बस आली. नवीकोरी, सोमवारीच, थेट मावशीच्या दारात. मावशी ठेवणीतला रुमाल बांधून तयार होती. बसमधून मिर्सादाबाईंच्या मागोमाग तीसेक पर्यटक उतरले. 'रुकियाच्या अंगणातली कॉफी' अशी ती दर सोमवारची सहल होती.

मावशीने तिन्ही कॉफ्या एकामागोमाग आणून आदळल्या. पाहुण्यांनी कौतुकाने चौथी मागितली.

"आणि मी कधी जायचं गं?" मावशीने विचारलं.

"तुम्ही गेलात तर कॉफी कोण करणार, मावशी?" मिर्सादाबाई हसून म्हणाल्या.

 

डॉक्टर अजूनही फक्त सोमवारीच बसतो.