नव्या माणसासाठी माहितीपत्रक

“एवढा उंच नको. माणूस दारातून आत येतो तेव्हा त्याचे डोळे जिथे असतात, तिथे लावा कॅमेरा,” काका म्हणाले.

फोटोवालीने स्टँड खाली केला. विकाऊ घरांचे फोटो काढण्यात तिची सहा वर्षं गेली होती. दहा फुटांची खोली वीस फुटांची दाखवणं तिच्या हातचा मळ. पण हे गिऱ्हाईक वेगळंच निघालं. फोनवर एवढंच सांगितलं, घराचे फोटो हवेत आणि सोबत माहितीपत्रक. आता मात्र खोलीखोलीत तिच्या नाकी नऊ येत होते.

“खोली आहे तेवढीच दिसू दे. नव्या माणसाची फसगत नको व्हायला.”

“काका, थोडी फसगत केल्याशिवाय घर बघायला कुणी फिरकत नाही.”

“तो येणार हे ठरलंय.”

म्हणजे गिऱ्हाईक पक्कं होतं. मग हा खटाटोप कशाला, हे तिला कळेना. पण काम देणारा म्हणेल ती पूर्व दिशा. तिने फोटो काढला.

काकांचं आयुष्य एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं होतं. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. एक भाची होती. ‘आता एकटे राहू नका’ म्हणून ती हात धुऊन मागे लागली होती, आणि वृद्धाश्रमात एक खोलीही तिने बघून ठेवली होती.

“पोरगी मनाने चांगली आहे,” काका म्हणाले. “पण मला नाही हो तिथे करमायचं.”

घर सोडून जाणारी म्हातारी माणसं फोटोवालीने पुष्कळ पाहिली होती. सगळी हेच म्हणत. तरी तिला वाईट वाटलं. ती स्वतः भाड्याच्या एका खोलीत राहायची. दिवसभर दुसऱ्यांची घरं लखलखीत करून दाखवायची आणि संध्याकाळी जिथे परतायची, तिथे दिवासुद्धा स्वतःच लावावा लागे. काकांच्या ओट्यावर एकच कप पालथा घातलेला होता. तो पाहून तिला काका उगाचच आपले वाटले.

“गॅसच्या कॉकचा फोटो घ्या,” स्वयंपाकघरात काकांनी शेगडीमागे बोट दाखवलं. “खाली लिहा, शेगडी विझवली की हा बंद करायचा. साखर वरच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या डब्यात. मीठ लाल झाकणाच्या.”

तिला हसू आवरेना. “अहो काका, माहितीपत्रकात ‘भरपूर उजेड, खेळती हवा’ असं लिहितात. साखर-मीठ कोण लिहितं?”

“उजेड काय, त्याला दिसेलच की. मीठ दिसायचं नाही.”

“सगळं सामानासकट देताय?”

“काडी हलवायची नाही इथली.”

बैठकीत भिंतीवर काकूंचा फोटो होता. फोटोवाली सवयीने तो उतरवायला गेली. घरच्यांचे फोटो आधी काढून ठेवायचे, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. घेणाऱ्याला त्या घरात स्वतःची माणसं दिसली पाहिजेत.

“राहू दे तो,” काका एकदम म्हणाले. मग आवाज खाली आणून, “त्याखाली दोन ओळी मी लिहून देईन.”

तिने फोटो सरळ केला आणि विचारलं, “हा नवा माणूस एकटाच आहे का?”

“अगदी एकटा.”

“आणि आजारी?”

“तसा धडधाकट आहे. पण गोंधळतो. पुढे आणखी गोंधळेल, म्हणतात डॉक्टर.”

आता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कॉक, मीठ, कुठलं बटण कुठल्या दिव्याचं, न्हाणीचं दार कुठलं, हा सगळा पसारा त्याच्यासाठी होता तर.

“अशा माणसाने एकटं राहावं का पण?”

“त्याला इथेच राहायचंय,” काका म्हणाले. “हट्टच आहे. फक्त या घरात त्याला भीती वाटता कामा नये. तेवढं जमलं, की झालं.”

स्वतःचं घर परक्याला देताना एवढा जीव टाकणारा माणूस तिने पाहिला नव्हता. त्या रविवारी कुणी न सांगता तिने सगळी पानं पुन्हा जुळवली, अक्षरं मोठी केली.

आठ दिवसांनी ती कच्ची प्रत घेऊन आली. काकांनी दार उघडलं आणि ते तिच्याकडे पाहत राहिले.

“कोण हवंय?”

“काका, मी. फोटोवाली.”

“हां, हां. या की.”

वय झालं, ती मनात म्हणाली. काकांनी लाल पेन्सिल घेतली आणि पानन् पान तपासलं. हात मात्र तरबेज होता. तिच्या चार चुका त्यांनी बसल्या बैठकीला पकडल्या.

“किती प्रती काढू? शंभर?”

“एकच. पण कागद जाड घ्या, रोज हाताळला जाईल.”

एका प्रतीसाठी एवढं! तिने मान डोलावली आणि कागद गोळा करू लागली.

“थांबा, एक फोटो राहिला.” काका खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी केसांवरून हात फिरवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. “माझा.”

तिने वाद घातला नाही. जाणाऱ्या मालकाची आठवण म्हणून असेल. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरला आणि बटण दाबलं.

“छान आलाय. खाली काय लिहू?”

काकांनी कॅमेरा हातात घेऊन तो फोटो नीट न्याहाळला.

“लिहा,” ते म्हणाले, “घाबरू नकोस. हा तूच आहेस.”