परतीचं तिकीट

खडपबेटावर पहिलं स्वस्त विमान उतरलं, तेव्हा गावाने चाकापुढे नारळ फोडला होता. आज रुक्माई तांडेल लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. होडी सोडवेना म्हणून मागे राहणारा नवरा तिला विमानतळावर पोचवायला आला होता.

"गणपतीआधीचं परतीचं तिकीट दे, बाय."

"ते निघत नाही, मावशी," तिकीटखिडकीतली मुलगी मान खाली घालून म्हणाली. "तोवर बेट पाण्याखाली गेलेलं असेल, असं कंपनीचं यंत्र सांगतं. बुडणारी बेटं हुडकूनच ते विमानं लावतं. तिथून सगळ्यांनाच निघावं लागतं ना."

"चुकत असेल गो ते."

"अजून चुकलेलं नाही."

रुक्माई पिशवी घेऊन विमानाकडे जाणाऱ्या दारात थबकली. निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, आणि दुसरा शब्द तोंडातून फुटेना.

"येते म्हण गो," नवरा म्हणाला. त्यानेही सगळं ऐकलं होतं.