पडद्यावरचा हात

“आता सगळं डाव्या हातानेच करायला शिकवा त्यांना,” व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. लेकीने ते मनावर घेतलं. उभा जन्म घरांचे नकाशे काढलेला बाबांचा उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर मांडीवर निपचित पडून असे. तिने संगणकाचा माऊस डावीकडे ठेवला आणि रेघ वाकडी आली तरी रोज एक खोली काढायचीच, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. बाबा कुरकुरत, रुसत, पण बसत.

एकदा तिच्या ध्यानात आलं, पडद्यावरच्या बटणावर नेला की माऊसच्या बाणाचा जो इवलासा पांढरा हात होतो, तो उजवा आहे. तिचा जीव कळवळला. गेलेली गोष्ट सारखी त्यांच्या डोळ्यांपुढे कशाला नाचवायची? असली चित्रं काढणं हे तिचं रोजचंच काम. तिने तो हात डावा करून टाकला.

सकाळी बाबा बराच वेळ माऊस नुसताच फिरवत राहिले.

“ठमे, इथला हात कुठे गेला गं?”

“हा काय, बाबा! तुमच्या सोयीने डावा केलाय, मुद्दाम.”

“मोठी शहाणी! आधी तो परत आण.” मग पडद्यावरची नजर न काढता ते हळूच म्हणाले, “तेवढा एकच उजवा हात अजून माझं ऐकत होता गं.”

“आणते हं,” ती म्हणाली, आणि आवाज न करता खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.