डाव्या कोपऱ्यातले पास

जिल्हा हॉकी संघाच्या निवडीत माझ्या नातीनं, भूमिकानं, सात पास डाव्या कोपऱ्यात मारले. तिथं कुणीच नव्हतं.

खेळाडूंना गुण देणाऱ्या नव्या मशीननं मात्र सातही पास खेळाडूपर्यंत पोचल्याचं लिहिलं. मी कागदावर बोट ठेवून दोनदा वाचलं.

"मशीनला काय कळतंय, आण्णा? पोरीला घरी न्या," कोच म्हणाले.

आयुष्यभर याच मैदानाच्या टर्फवर पाणी मारून मी थकलोय. भांडायचं त्राण नव्हतं.

"एकदा मारून दाव, बाळ," एवढंच म्हणालो.

चेंडू ओल्या टर्फवर पाण्याची रेघ उडवत गेला आणि कोपऱ्यात थांबला.

"कोण हाय तिथं? सांगा की!" कोच हसले.

भूमिकानं न बघताच स्टिक खाली टेकवली.

कोपऱ्यातनं टक् असा आवाज आला, आणि चेंडू परत निघाला.