प्रतापकाकाचे दिवे

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आईची, मीनलची, चांगली पांढरी चादर उर्जाने जमिनीवर पसरली होती आणि गुडघे टेकून ती तिच्यावर काळ्या रंगाने अक्षरं काढत होती. ‘बॉयकॉट कतार’, जर्मनमध्ये, एकेक अक्षर परातीएवढं. शनिवारी तिच्या क्लबच्या मुलींची फुटबॉल मॅच होती. तेव्हा ही चादर मैदानाच्या कुंपणाला लागणार होती.

“आणि तिकिटांचं काय करायचं?” तिच्या बाबाने, विनयने, विचारलं. फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आला होता. दोह्यातल्या मॅचची तीन तिकिटं त्याने कधीच काढून ठेवली होती, एक त्याचं, एक उर्जाचं आणि एक तिथेच नोकरीला असलेल्या प्रतापदादाचं.

“गिब सी त्सुरुक,” उर्जा मान वर न करता म्हणाली. परत कर. चौदा वर्षांची झाली होती, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते जर्मनमधूनच. स्टेडियम बांधताना माणसं मेली, तिने पुन्हा एकदा ऐकवलं. आमची अख्खी टीम बघणार नाहीये, टीव्हीवरसुद्धा नाही, आणि मी कॅप्टन आहे.

“अगं, तुझा सख्खा काका काम करतो तिथे. स्टेडियमचे दिवे त्याने बसवलेत. तुला दाखवायचेत त्याला.”

“गेनाऊ,” ती म्हणाली. अगदी बरोबर. “त्याच्यासाठीच तर.”

विनयला राग आला. पोरीचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं, याचा जास्त आला. फुटबॉल हे त्याच्यासाठी नुसतं निमित्त होतं. इतक्या वर्षांत दोघा भावांच्या सुट्ट्या कधी जुळल्या नव्हत्या. हा जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये आणि तो वाळवंटात, मध्ये फक्त फोन. आता एकदाचं शेजारी बसायला मिळणार होतं.

तेवढ्यात फोन वाजलाच. रविवारी दुपारी दादाचा व्हिडिओ कॉल ठरलेला असायचा.

“काय विनू, गारठला न्हाईस न्हवं?” प्रताप हसत होता. त्याच्या मागे दुमजली लोखंडी पलंग दिसत होते. “पोरगी कुठाय आमची?”

विनयने सवयीने फोन उर्जाकडे वळवला आणि लगेच जीभ चावली. पडद्यावर चादरीचं नेमकं खालचं टोक, नुसतं ‘कतार’, गेलं होतं.

“कतार!” प्रतापने मोठ्याने वाचलं. “आयला, कतार लिवलंय की! ग्यालरीत धरायला व्हय? ए, इकडं या रे, बघा पुतणीनं काय केलंय!”

मागून आणखी दोन डोकी पडद्यात घुसली. उर्जाचा ब्रश जागच्या जागी थांबला.

“हो दादा,” विनय घाईघाईने म्हणाला. “तुझ्यासाठीच चाललंय तिचं.” हे काही अगदीच खोटं नव्हतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

“ब्येस. आणि हे बघ, एक सांगायचं व्हतं.” प्रतापचं हसू तसंच होतं. “मी काय मॅचला नसणार. कंपनी आमाला समद्यांस्नी गावाकडं धाडतीया. बुधवारी इमान. पाव्हणं यायच्या आत क्याम्प रिकामा पायजे म्हणं. परत बोलावत्यात का न्हाई, ते काय कुणी सांगंना.”

“अरे, पण तुझं तिकीट...”

“मीनलला आण की त्याच्यावर. आता काय त्याचं.” त्याने फोन जवळ घेतला. “तालमीच्या पोरांच्या फुटबॉल मॅचला कंपाउंडाच्या भिंतीवर बसायचो बघ आपण, तसं बसायचं व्हतं तुझ्याशेजारी. ऱ्हायलं.”

भाऊच तिथे नसेल तर दोह्याला जायचं कशाला? हेच विनय सांगणार होता, पण प्रताप बोलतच राहिला.

“तुमी मातुर यायाचंच. मी ते दिवं लागल्यालं एकदा बी बघितलं न्हाईत, विनू. आमचं काम दिवसा, सांज झाली की बस भरून क्याम्पवर. उर्जाला म्हणावं, मान वर करून बघ आणि एक फोटू काढ. आपल्यातल्या कुणीतरी बघायला पायजे का नको?”

उर्जाने सगळं ऐकलं होतं. कळलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. ती उठली, फोनकडे पाठ करून उभी राहिली आणि हळू आवाजात जर्मनमध्ये म्हणाली, “बाबा, मला नाही जमणार. त्यांना हाकलून देतायत आणि मी त्यांच्याच दिव्यांखाली बसून टाळ्या वाजवू? सांग काकाला. खरं काय ते सांग.” तिचे डोळे भरून आले होते.

“काय म्हणाली रं?” पलीकडून प्रतापने विचारलं. त्याने कान फोनला लावला होता.

विनयने पोरीकडे बघितलं. ती मानेनेच नाही, नाही म्हणत होती.

“येते म्हणाली, दादा.”

“येणार म्हणती!” प्रताप ओरडला आणि त्याने फोन खोलीभर फिरवला. पलंगांवरच्या गाद्या गुंडाळून झाल्या होत्या. बॅगा दोरीने आवळत बसलेली माणसं थांबली, सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं आणि जर्मनीतल्या त्या पोरीला हात हलवून दाखवले.

“दिसत्यात का गं बाळा माझं दोस्त?” प्रताप विचारत होता. “दिसत्यात का?”

उर्जाला वळून हात वर करावाच लागला.