लिटरला सहा

ताम्हनात पळी खणकन पडली आणि पोर्चमधली शांतता मोडली. पळी वकिलीणबाईंच्या हातून निसटली होती. दसऱ्याची सकाळ, गाडीची पूजा चाललेली, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूची माळ. आणि फाटक उघडून आत आली ती चोराची बायको. बोटाला सहा वर्षांची कमळी, मागे हत्यारांची पिशवी घेतलेला केरू मिस्त्री.

"पूजा आटपू द्या," सिंधू म्हणाली. "मग गाडी उघडायची आहे."

खंडेराव वकिलांनी गंधाचं बोट पुसलं. "कोणाच्या परवानगीनं?"

"तुमच्याच. आधी माझ्या नवऱ्याला काढलंत. मग दुसरा ड्रायव्हर ठेवलात, त्यालाही काढलंत. आता तुम्ही स्वतः चालवता, तरी गाडी गावात लिटरला सहाच किलोमीटर देते. आता चोर कोण, साहेब?"

कंपाउंडवरून शेजारी डोकावले. तिला तेच हवं होतं. म्हणून तर तिनं आजचा दिवस निवडला होता.

पेट्रोल महाग झालं, त्यानंतर एकदा वकिलांनी तिच्या नवऱ्याला, गोरक्षला, कारंज्यावरच्या पेट्रोलपंपावर, दहा ड्रायव्हरांसमोर विचारलं होतं, "गाडी पिते की तू पितोस?" किल्ली तिथंच काढून घेतली. त्या दिवसापासून नळावर बायका सिंधूला म्हणायच्या, "दोन थेंब आमच्या स्टोव्हलाही दे गं." शाळेत कमळीशेजारी कोणी बसेना. गोरक्ष विंचूरहून कांद्याचा ट्रक चालवायला लागला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. सिंधूनं विषय काढला की जेवता जेवता मान खाली घालायचा. "जाऊ दे. गाडी म्हातारी आहे. मिस्त्रीबिस्त्री मध्ये आणू नकोस." त्याच्या या मवाळपणाचा तिला वकिलांइतकाच राग यायचा. भाकरी थापताना ती वकिलांचं नाव घेऊन हात मारायची. चार महिने तशाच भाकरी खाल्ल्या त्या घरानं.

"दोष गाडीत निघाला, तर तुम्ही कारंज्यावर यायचं," ती म्हणाली. "जिथं त्याला चोर म्हणालात तिथं उभं राहून सांगायचं, तो चोर नाही."

"आणि नाही निघाला तर?"

"तर वर्षभर तुमची भांडी घासीन. फुकट."

वकील हसले. हात पुढे करून म्हणाले, "उघड रे, केरू."

केरूनं माळ बाजूला ठेवली, बॉनेट वर केलं. टाकी पाहिली, नळ्या पाहिल्या, कुठं गळती नव्हती. चाकं फिरवून पाहिली, ब्रेक चाकाला घासत नव्हते. सिंधू बॉनेटपाशी सरकली. मग त्यानं एक प्लग काढून वर धरला. प्लग काजळासारखा काळाकुट्ट.

"ही गाडी लय पितीया, साहेब. पचत नाय इतकी पितीया."

तो आत जाऊन बसला. डॅशबोर्डच्या अगदी खालच्या कोपऱ्यातलं काळं बटण त्यानं दाबलं, परत दाबलं. "ह्यो चोक. सकाळी गार इंजिन चालू करायला वढायचा, म्हंजी जादा पेट्रोल जातं. गाडी तापली का आत ढकलायचा. ह्यो आत जातच नाय. करंगळीभर भायेर ऱ्हातोय. गावात अशी गाडी सहा नाय तर काय बारा देईल?"

त्यानं टॉर्च तोंडात धरला, वाकला, स्क्रूड्रायव्हरनं काहीतरी उचकटलं. बटण खट्‌कन आत गेलं. त्यानं गाडी चालू केली, जरा तापू दिली. इंजिनाचा घरघराट ओसरला, आवाज गुळगुळीत झाला. शेजारी कुणीतरी टाळी वाजवली.

वकिलांचा चेहरा उतरला. ते पुटपुटले, "गोरक्षनं चोरलं नव्हतं."

"मोठ्यानं, साहेब. त्या दिवशी आवाज मोठा होता."

"गोरक्ष चोर नव्हता!" वकील ओरडले. वकिलीणबाई घरात निघून गेल्या. सिंधूला वाटलं, चार महिन्यांनी आपल्या छातीत हवा गेली. तिनं नजर वळवली नाही. वकिलांना चपला शोधताना पाहिलं, पायात घालताना पाहिलं, सगळं डोळे भरून पाहिलं. "चला कारंज्यावर," ती म्हणाली.

"येतो. पण अडकलं होतं काय त्यात?"

"कुनीतरी दोरा गुंडाळला व्हता बटनाच्या दांडीला," केरू म्हणाला. "लय घट्ट. सात येढे." आणि तेलानं माखलेला काळा दोरा त्यानं सिंधूच्या तळहातावर ठेवला.

गाठ तिनं लगेच ओळखली. अशी दुहेरी गाठ तिच्या माहेरीच मारतात. गेल्या चैत्रात गडावरून, देवीच्या पायाचा दोरा आणला होता तिनं. त्याच्या आदल्याच महिन्यात कसाऱ्याच्या घाटात एका ट्रकनं गोरक्ष चालवत असलेली हीच गाडी कठड्यापर्यंत रेटली होती. तो थोडक्यात वाचला. एका रविवारी गाडी धुण्यासाठी तो बादली भरायला गेला, तेव्हा ती आत वाकली होती. साहेबांना गाडीत दोरेगंडे चालायचे नाहीत, म्हणून तिनं सगळ्यात खालचं, कोपऱ्यातलं बटण निवडलं, ओढून त्याच्या दांडीला दोरा गुंडाळला. देवीचा दोरा बोलून दाखवला की त्याचा गुण उतरतो, म्हणून नवऱ्यालाही सांगितलं नाही.

तिनं मूठ मिटली. वकील फाटकापाशी थांबले होते. शेजारीही निघाले होते, तमाशा पाहायला.

कमळीनं तिचा पदर ओढला. बापाच्या मांडीवर बसून ती कितीदा तरी गाडीतून फिरली होती.

"आई, बाबा रोज सकाळी हेच बटण ओढायचे. मग त्यांना दोरा दिसला नसेल?"